यायला फुकट, जायला टोल

"सामान किती आहे?"

टोरांटोच्या एअरपोर्टवर दादाचा पहिला प्रश्न. दोन वर्षांनी सख्खी बहीण भेटतेय, पण मिठी वगैरे नंतर. "दोन बॅगा. तेवीस-तेवीस किलोच्या," मी अभिमानाने सांगितलं. त्याने एकदा बॅगांकडे पाहिलं, एकदा पार्किंगच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाला, "मग ठमे, तू कुठे बसणार?"

गाडी बघितल्यावर प्रश्नाचा अर्थ कळला. कॅनडात रस्त्यावर बघावं तर एकेक पिक-अप ट्रक आपल्या वन-बीएचकेएवढा. त्यांच्यामध्ये आमची ही चिमुकली हॅचबॅक. सेकंडहॅण्ड, करड्या रंगाची, शेजारून ट्रेलर गेला की अंगावर काटा आल्यासारखी थरथरणारी. या गाडीतून आम्ही दोघं टोरांटोहून थेट अटलांटिकच्या काठावर, हॅलिफॅक्सला जाणार होतो. एका बाजूने सुमारे १,८०० किलोमीटर. म्हणजे पुण्याहून निघून जवळजवळ अमृतसर. जुलै २०२४, नऊ दिवस, दोन माणसं आणि डिकीत भडंग, मेतकूट, लिंबाचं लोणचं.

"मोठी गाडी भाड्याने घेऊ या ना रे."

"भाडं बघितलंस? आणि पेट्रोल?"

माणूस सातासमुद्रापार गेला तरी सदाशिव पेठ त्याच्यातून जात नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

पण छोट्या गाडीचा एक फंडा असतो, मंडळी. मोठ्या गाडीत भांडण झालं की एकाला मागच्या सीटवर जाऊन रुसता येतं. आमच्या मागच्या सीटवर तंबू, कूलर आणि माझी एक बॅग होती. भांडायचं तर शेजारी बसूनच, रुसायचं तर तेही शेजारी बसूनच.

आणि आम्ही भांडलो. सॉल्लिड भांडलो.

*

सुरुवात मात्र एकदम झकास. मी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून नेलं होतं. (जाणार असाल तर नक्की काढा. वर्षभर चालतं.) तिकडे गाडी उजवीकडून चालवायची हे डोक्याला पटकन कळतं, हाताला नाही. इंडिकेटरची दांडी आपल्याकडे उजव्या हाताला, तिकडे डाव्या. त्यामुळे लेन बदलताना मी दर वेळी रणरणत्या उन्हात वायपर सुरू करत होते. "पाऊस आला का गं?" दादा प्रत्येक वेळी गंभीरपणे विचारायचा. तासाभरात माझी बदली नॅव्हिगेटर म्हणून झाली. दादाचा फोन माझ्या हातात, त्यावर नकाशा, आणि "पुढे सरळ" एवढंच माझं काम. कारण ४०१ नंबरच्या हायवेवर दुसरं काही सांगण्यासारखं नसतंच. टोरांटोजवळ काही ठिकाणी या हायवेला दोन्ही बाजू मिळून १८ लेन आहेत, आणि कुणी म्हणजे कुणीही हॉर्न वाजवत नाही. अशा शांततेत पुणेकराला असुरक्षित वाटतं.

किंग्स्टनच्या पुढे सेंट लॉरेन्स नदीत 'थाउजंड आयलंड्स' आहेत. नाव हजार बेटांचं, मोजणी १,८६४ ची. आता बेट कशाला म्हणायचं? वर्षभर पाण्याबाहेर राहणारा जमिनीचा तुकडा हवा आणि त्यावर झाड जगलेलं हवं. काही बेटांवर एकच घर मावतं, ओटीवरून पाय सोडले की थेट नदीत. यातली काही बेटं कॅनडाची, काही अमेरिकेची. सीमा मधल्या पाण्यातून नागमोडी जाते, आणि बोटीत बसून आपण कधी या देशात, कधी त्या देशात. मला जाम मजा वाटली. दादा मात्र गप्पच.

का गप्प, ते अर्ध्या तासाने कळलं. पुन्हा गाडीत बसलो, मी नकाशा उघडला आणि वरून एक ईमेल टपकलं. विषयाच्या ओळीत दोनच शब्द मला दिसले. सिटिझनशिप सेरेमनी.

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. माँट्रिअल येईपर्यंत "पुढे सरळ" सुद्धा म्हटलं नाही.

*

क्यूबेक प्रांतात शिरलं की पाट्या बदलतात. सगळं फ्रेंच. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर चक्क 'स्टॉप' लिहितात, पण क्यूबेकमध्ये 'आरे'. म्हणजे फ्रान्सपेक्षा यांचं फ्रेंच जास्त कट्टर! १९७७ साली त्यांनी फ्रेंचसाठी कायदा केला आणि दुकानांच्या पाट्यांपासून शाळांपर्यंत तो लागू केला. मराठी पाट्यांवर तावातावाने बोलणाऱ्यांनी एकदा तरी बघून यावं. आणि १९७८ पासून तिथल्या प्रत्येक गाडीच्या नंबरप्लेटवर एक वाक्य असतं. त्याचा अर्थ, 'मला आठवतं'. नेमकं काय आठवतं, ते लिहिलेलं नाही. पुढच्या प्रत्येक गाडीच्या पाठीवर तेच. मला आठवतं. मला आठवतं. मला आठवतं.

मलाही आठवत होतं. २०१८ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर मी एकटी होते. दादाचा फोन आला होता, "ऑफिसमधून सुट्टी मिळत नाहीये गं." ते वाक्य मी सहा वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

क्यूबेक सिटीत पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती. हे शहर १६०८ सालचं. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी अजून शाबूत असलेलं हे एकमेव शहर, त्यामुळे १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. दगडी गल्ल्या, खिडक्यांत फुलं, वर टेकाडावर १८९३ चं शातो फ्राँतनाक हॉटेल, खाली संथ नदी. इतकं रोमँटिक शहर, आणि मी कुणाबरोबर आले तर दादाबरोबर!

आम्ही पूतिन खायला बसलो. पूतिन म्हणजे तळलेले बटाटे, त्यावर चीजचे ताजे तुकडे, त्यावर गरम ग्रेव्ही. (ग्रेव्ही बहुधा मांसाहारी असते, व्हेज आहे का विचारून घ्या.) चीज ताजं असेल तर दाताखाली कुईकुई वाजतं. तर माझं चीज कुईकुई वाजत असतानाच मी विचारलं, "आईबाबांना सांगितलंस?"

त्याला काय ते लगेच कळलं. "सांगणार आहे."

"कधी?"

"ठमे, खा ना. गार होतंय."

"शपथ घेऊन झाल्यावर सांगणार होतास? की दिवाळीत व्हिसा घेऊन पाहुण्यासारखा दारात उभा राहणार होतास?"

मग जे सुरू झालं ते शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच आजीआजोबांनी भाषा न कळताही पूर्ण ऐकलं.

*

ज्यांच्या घरात हा विषय अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनडात पर्मनंट रेसिडेंट म्हणून आलेल्या माणसाला पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष तिथे राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारत मात्र दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडची शपथ घेतली की इकडचं नागरिकत्व संपतं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड मिळतं. म्हणजे जन्मभराचा व्हिसा. त्यावर ये-जा करता येते, फ्लॅट घेता येतो, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शेत वारशाने मात्र मिळू शकतं. थोडक्यात, नातं राहतं, हक्क थोडे कमी होतात.

आणि शपथ कुणाची? राजे तिसरे चार्ल्स यांची. कारण कॅनडाचे राजेही तेच. आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते. त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. "त्यांच्या नातवाने इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यायची?" मी फेकलं.

"कॅनडाच्या राजाशी," दादा पुटपुटला.

"एकच माणूस आहे तो!"

दुसऱ्या दिवशी आम्ही चारशे किलोमीटर एकमेकांशी फक्त पेट्रोल, बाथरूम आणि कॉफी या तीन विषयांवर बोललो. क्यूबेकमधून न्यू ब्रन्सविकमध्ये शिरताना घड्याळ एक तास पुढे सरकतं. त्या दिवशी तर बरंच वाटलं. भांडणाचा तेवढाच एक तास कमी.

*

न्यू ब्रन्सविकमध्ये रस्त्याच्या कडेला मूसची चित्रं असलेल्या पाट्या दिसू लागतात. मूस म्हणजे उंच पायांचं, गव्याएवढं हरीण. 'रात्री जपून' असा त्या पाट्यांचा अर्थ. गाडीची धडक त्याच्या पायांना बसते आणि शेकडो किलोंचं धड थेट काचेवर येतं. छोट्या गाडीत तर विषयच संपला. मोठ्या हायवेला त्यासाठी उंच कुंपणं घातली आहेत. पण आम्ही हार्टलंडचा पूल बघायचा म्हणून हायवे सोडून नदीकाठचा रस्ता धरला होता. दिवेलागणीची वेळ. दादा आवळलेल्या चेहऱ्याने चालवतोय, मी खिडकीबाहेर बघतेय.

आणि वळणावर तो उभा. रस्त्याच्या बरोब्बर मध्ये, शांत, आमच्या टपापेक्षा उंच.

दादाने ब्रेक दाबला. आणि त्याच क्षणी त्याचा उजवा हात स्टिअरिंगवरून निघून माझ्यापुढे आडवा आला. सीटबेल्ट होता, एअरबॅग होती, तरी. शाळेत असताना लूनावर मला पुढे उभं करून न्यायचा तेव्हा खड्डा आला की असाच हात आडवा यायचा.

गाडी पाच-सात फुटांवर थांबली. मूसने आमच्याकडे पाहिलं, 'एवढीशी गाडी?' असा भाव चेहऱ्यावर आणला आणि सावकाश झाडीत निघून गेला.

दादाने इंजिन बंद केलं. हात अजून आडवाच होता.

"बाबांच्या वेळी सुट्टी नव्हती असं नाही," तो समोर बघतच म्हणाला. "परमिट संपलं होतं, नवीन यायचं होतं. तेव्हा देशाबाहेर पडलो असतो तर परत आल्यावर नोकरी करता आलीच असती असं नाही. एज्युकेशन लोनचे हप्ते चालू होते, आणि जामीन बाबाच होते ना त्याला. म्हणून नाही आलो. तुम्हाला हे सांगितलं असतं तर बाबांनी हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या त्याचंच टेन्शन घेतलं असतं. त्या आठवड्यात ठरवलं मी. पुन्हा एका कागदासाठी अडकून पडायचं नाही."

मी काहीच बोलले नाही. सहा वर्षं सांभाळलेलं वाक्य हातातून सुटलं की हात थोडा वेळ रिकामा रिकामा वाटतो.

हार्टलंडचा पूल अंधारातच बघितला. १९०१ मध्ये सुरू झालेला, ३९१ मीटर लांबीचा, जगातला सगळ्यात लांब छपराचा लाकडी पूल. छप्पर नंतर चढवलं, लाकूड पावसाबर्फापासून टिकावं म्हणून. एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कुणी येत असेल तर थांबायचं, त्याला येऊ द्यायचं, मग आपण निघायचं. आम्ही थांबलो. इतके दिवस नेमकं हेच आम्हाला जमत नव्हतं.

*

त्यानंतर ट्रिप खरी सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. मंक्टनला 'मॅग्नेटिक हिल'वर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ती चढावर उलटी जाताना बघितली. लडाखला लेहजवळ आहे तोच प्रकार. चुंबक वगैरे काही नाही, आजूबाजूच्या उतारांमुळे डोळे फसतात. जो चढ वाटतो तो उतारच असतो. तरी आम्ही दोनदा केलं.

फंडीची खाडी मात्र डोळ्यांची फसवणूक नव्हे. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की पेपरात बातमी येते. फंडीच्या टोकाला ती १६ मीटरपर्यंत जाते. जगात सगळ्यात उंच. म्हणजे पाच मजली इमारत दिवसातून दोनदा बुडून दोनदा वर यावी! कारण ऐकून तर मी टोटल फिदा. खाडी आत निमुळती होत गेलेली, हे एक. दुसरं म्हणजे खाडीतलं पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंदकळून परत यायला जेवढा वेळ घेतं, साधारण तेवढ्याच वेळाने, म्हणजे सुमारे साडेबारा तासांनी, समुद्राची पुढची भरती येते. झोका परत आला की नेमक्या क्षणी पुन्हा धक्का. झोका उंच उंच जातो.

होपवेल रॉक्सला ओहोटीच्या वेळी आम्ही समुद्राच्या तळावरून चाललो. डोक्यावर झाडांचे शेंडे मिरवणारे उंच खडक, कमरेशी बारीक, फुलदाणीसारखे. वेळापत्रक बघून जा, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही. सहा तासांनी वरून बघितलं तर आम्ही जिथे भडंग खाल्लं होतं तिथे लोक कयाक वल्हवत होते.

तिथून प्रिन्स एडवर्ड आयलंड. मध्ये १९९७ मध्ये खुला झालेला, १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन ब्रिज. हिवाळ्यात जिथे समुद्र गोठतो अशा पाण्यावरचा जगातला सगळ्यात लांब पूल. आमच्या चिमुकलीने तो वाऱ्यात झुलत पार केला. टोलसाठी मी पर्स उघडून बसले, तर टोलच नाही! "बेटावर यायला फुकट," दादा म्हणाला. "पैसे परत जाताना द्यायचे."

मग स्वतःच हसला. "तिकीट, फी, पहिली नोकरी... यायचं सगळं स्वस्तच वाटलं होतं गं. जायचा टोल आता कळतोय."

बेटाची माती लाल. लोखंडाच्या गंजाने लाल, आपल्या कोकणासारखी. दादा गाडी थांबवून उतरला आणि बटाट्याच्या शेताच्या कडेला उकिडवा बसून राहिला. 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' या १९०८ सालच्या कादंबरीचं घर याच बेटावर, कॅव्हेंडिशला. त्यात एक भाऊ-बहीण मुलगा दत्तक मागवतात आणि चुकून मुलगी येते. तीच पुढे त्या घराची होऊन जाते. "आपल्याकडे उलट," मी म्हटलं, "मुलगा पाठवला आणि कॅनडाने ठेवून घेतला." या वेळी दादा खदखदून हसला.

*

हॅलिफॅक्सच्या बंदरात 'पियर २१' आहे. १९२८ ते १९७१ या काळात जवळजवळ दहा लाख माणसं बोटीतून इथे उतरली आणि कॅनडाची झाली. आता तिथे स्थलांतराचं म्युझियम आहे. माणसं ट्रंका, गाद्या, शिलाई मशिनं घेऊन यायची. घरून बांधून आणलेली सॉसेजं कस्टमवाले काढून घ्यायचे. हे वाचून मी लोणच्याच्या बरणीला मनातल्या मनात नमस्कार केला.

बाहेर बाकावर बसलो. दुपारचे बारा वाजत होते, म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेआठ. "आत्ता लाव," मी म्हटलं. "सिरियल चालू असेल, जास्त बोलणार नाहीत."

त्याने सांगितलं. एका दमात, इंजिनिअरिंगचा निकाल सांगितला होता तसं. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"कसं?"

"मागच्या दिवाळीत आला होतास ना, तेव्हा बॅग भरताना म्हणालास, 'आई, घरी पोचलो की फोन करतो.' तेव्हाच कळलं."

दादाने फोन माझ्याकडे दिला आणि उठून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला.

मग बाबा आले. त्यांचा प्रश्न एकच. "पासपोर्ट परत द्यावा लागतो का रे?"

मी स्पीकर सुरू केला. "जमा करावा लागतो बाबा," दादा म्हणाला. "पण रद्दचा शिक्का मारून आपल्याला परत देतात."

"मग जपून ठेव," बाबा म्हणाले. "पहिल्या वेळी पोलीस व्हेरिफिकेशनला मी आलो होतो तुझ्याबरोबर."

आजोबांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नव्हतं. तो फोटो हॉलमध्ये सोफ्याच्या बरोबर समोर आहे. येत्या दिवाळीत दादा तिथे बसेल तेव्हा त्याचं तो बघून घेईल.

परतीचे १,८०० किलोमीटर बाकी होते. दादाने किल्ली माझ्याकडे फेकली. "आज तू चालव. मला जरा झोपायचंय."

मी ऐटीत बसले, आरसे नीट केले, हायवेला लागताना लेन बदलायला दांडी ओढली.

वायपर सुरू झाला.

"पाऊस आला का गं?" डोळे न उघडताच दादाने विचारलं.